आधी शाळा, शेवटी सभा



२३ ऑगस्ट २०२१ ला आपल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. पलीकडं महाराष्ट्रानं कोरोनामुक्त गावांतले आठवी ते बारावीचे वर्ग जुलैतच उघडले होते, पण १७ ऑगस्टपासून बाकीच्या शाळा उघडायचा निर्णय टास्क फोर्सनं हरकत घेतल्यावर थांबवला. म्हणजे दोन मावसभाऊ असतील, एक बिदरला नववीत आणि दुसरा उदगीर शहरात नववीत, तर एकाची शाळा चालू होती आणि दुसऱ्याची बंद.

तेव्हा पारावर, कॉलेजात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालला होता. एक बाजू म्हणते, "तिसरी लाट तोंडावर आली आन् हे शाळा उघडायलेत. लेकरांना लस तरी हाय का?" दुसरी बाजू म्हणते, "दीड वर्ष झालं, लेकरं ढोरामागं फिरायलीत. आता नाही तर कधी उघडणार?" दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनाही आपल्या घरातलीच काळजी आहे.

मी राज्यशास्त्र शिकते. सरकारला काय महत्त्वाचं वाटतं हे भाषणात शोधू नये, आदेशांच्या तारखांत शोधावं, असं मला वाटतं. म्हणून मी त्या दीड वर्षातल्या तारखा एका वहीत उतरवून काढल्या. त्या ओळीनं वाचल्यावर माझं मत पक्कं झालं. लोकांची भीती खरी आहे, पण ती भीती शाळेवर निघतेय आणि ती चुकीची जागा आहे. आपल्याकडं घाईनं काय उघडलं? जे उघडायची सत्तेला गरज होती ते. आणि उशिरा काय उघडलं? ज्याला मागणारं कुणी नव्हतं ते.

आधी भीतीबद्दल. ही भीती आपल्या भागात उगाच आलेली नाही. देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू मुंबईत झाला नाही, दिल्लीत झाला नाही. तो कलबुर्गीच्या, आपल्या गुलबर्ग्याच्या माणसाचा झाला. सौदी अरेबियातून परतलेले ७६ वर्षांचे गृहस्थ १० मार्च २०२० ला वारले. उपचारासाठी त्यांना हैदराबादला नेलं होतं. त्यांचा नमुना बंगळूरला तपासला गेला आणि कोरोना होता हे १२ मार्चला, म्हणजे मृत्यूनंतर दोन दिवसांनी, जाहीर झालं. ज्या भागाला मोठ्या उपचारासाठी हैदराबाद किंवा सोलापूर गाठावं लागतं, त्या भागातल्या माणसाला "सगळं उघडलं" म्हटल्यावर धडकी भरणारच. इथं आजारी पडणं महाग आहे आणि लांबचंही आहे.

शाळेबद्दलच्या भीतीलाही कारण आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकानं 'विद्यागम' सुरू केलं. शाळा बंद, पण शिक्षक गावात येऊन देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली लेकरांचे छोटे गट घेऊन शिकवणार, अशी ती योजना. कल्पना चांगली होती. पण शिक्षकांचे मृत्यू झाले, आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात विद्यार्थ्यांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारनं ती थांबवली. ज्या आईनं ही बातमी वाचली ती आज लेकराला शाळेत पाठवताना दहा वेळा विचार करणार. तिला अडाणी म्हणायचा हक्क कुणाला नाही.

आणि फक्त सरकारनंच घाई केली असंही नाही. १६ एप्रिल २०२० ला, देशभर टाळेबंदी असताना, चित्तापूर तालुक्यातल्या रावूर गावात सिद्धलिंगेश्वराचा रथ शेकडो लोकांनी ओढला. नंतर गुन्हे दाखल झाले, गाव सील झालं. आपल्यालाही जत्रा लवकर हवी असते, लग्न थाटात हवं असतं. हे मान्य करूनच पुढं बोलू.

आता तारखा बघा.

४ मे २०२०. कर्नाटकात दारूची दुकानं उघडली. पहिल्याच दिवशी ४५ कोटींची विक्री झाली. उत्पादन शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा मोठा झरा आहे, ते कळतं. पण सगळ्यात आधी गर्दी करायची परवानगी कशाला मिळाली, हेही त्यातून कळतं.

१८ मे २०२०. महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना ३१ मेपर्यंत राज्यात प्रवेश बंद केला. दुसऱ्या दिवसापासून राज्यातल्या राज्यात बस सुरू झाल्या. आपल्या भागातले, विशेषतः तांड्यांवरचे कितीतरी लोक मुंबई-पुण्याला बांधकामावर असतात. त्यांचं घर इकडं, रेशनकार्ड इकडं, मतदान इकडं. काम गेल्यावर ते घरी यायला निघाले तेव्हा स्वतःच्याच राज्याच्या नाक्यावर ते परके ठरले. जे आत आले त्यांना गावातल्या शाळांत आणि वसतिगृहांत ठेवलं आणि गावानं त्यांच्याकडं रोगाचं गाठोडं आल्यासारखं पाहिलं.

१ जानेवारी २०२१. दहावी आणि बारावीचे वर्ग सुरू झाले. दारूचं दुकान आणि शाळा यांच्यात आठ महिने गेले.

१७ एप्रिल २०२१. ही तारीख बसवकल्याणच्या पोरांनी विसरू नये. बसवकल्याणचे आमदार बी. नारायणराव यांचा २४ सप्टेंबर २०२० ला कोरोनानं मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी बेळगावचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी कोरोनानंच गेले. दोन्ही जागा या रोगानं रिकाम्या केल्या आणि दोन्ही पोटनिवडणुका दुसरी लाट चढत असताना एकाच दिवशी घेतल्या. १० एप्रिलपासून बिदर आणि कलबुर्गी शहरांत रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी होती. म्हणजे रात्री दहानंतर बिदरमध्ये एकटा माणूस रस्त्यावर दिसला तर तो धोका, आणि त्याच जिल्ह्यात दिवसा बसवकल्याणला प्रचाराची गर्दी झाली तर ती लोकशाही! प्रचार संपता संपता, १६ एप्रिलला, तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची चाचणी दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आली. १७ ला मतदान झालं. २७ एप्रिलच्या रात्रीपासून सगळं राज्य पुन्हा बंद झालं. मधे दहा दिवस.

निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांना लागण झाल्याच्या, काहींच्या मृत्यूच्या बातम्या पुढं कितीतरी दिवस येत राहिल्या. २६ एप्रिलला मद्रास उच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या निवडणुकीबाबत बोलताना दुसऱ्या लाटेची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकली. सर्वोच्च न्यायालयाला ती भाषा कठोर वाटली, पण मूळ प्रश्न काही मिटला नाही. शिक्षक शाळेत शिकवायला गेला तर धोका आहे म्हणून शाळा बंद ठेवायची, आणि त्याच शिक्षकाला मतदान केंद्रावर दिवसभर बसवायचं, हे कुठलं शास्त्र?

बसवकल्याणची ती निवडणूक तोंडावर होती तेव्हाच, नोव्हेंबर २०२० मध्ये, मराठा विकास प्राधिकरण आणि त्यासाठी ५० कोटी रुपये जाहीर झाले होते. तेवढ्यावरूनसुद्धा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. मराठी माणूस मताच्या वेळी आठवतो आणि नाक्यावर संशयित होतो, हा आपला जुनाच अनुभव आहे. साथीत तो फक्त जास्त उघडा पडला.

आता शेवटच्या काही तारखा, ऑगस्ट २०२१ मधल्या.

६ ऑगस्ट २०२१. मुख्यमंत्री बोम्मई यांनी आठ सीमावर्ती जिल्ह्यांत शनिवार-रविवार संचारबंदी जाहीर केली. केरळच्या बाजूचे चार, महाराष्ट्राच्या बाजूचे चार: बेळगाव, विजापूर, कलबुर्गी आणि बिदर. त्याआधीच महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला होता, लसीचे दोन्ही डोस झालेले असले तरी.

महाराष्ट्रात धोका नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण कुठं होता हे खुद्द महाराष्ट्रानंच २ ऑगस्टच्या आदेशात लिहून ठेवलं होतं. त्यात अकरा जिल्ह्यांत निर्बंध कायम ठेवले, त्यात सोलापूर होतं. लातूर, नांदेड आणि उस्मानाबाद नव्हते, तिथं सवलत दिली होती. आता नकाशा डोळ्यापुढं आणा. आळंद-अफझलपूरची हद्द सोलापूर जिल्ह्याला लागते, तिथल्या नाक्यावर काळजी घेतली तर समजू शकतं. पण बिदर जिल्ह्याला लागून आहेत लातूर, नांदेड आणि उस्मानाबाद. औरादच्या माणसानं उदगीरला सोयाबीन घालून परत यायला अहवाल दाखवायचा, तो कशासाठी? सांगली-कोल्हापुरात रुग्ण जास्त होते म्हणून? आणि त्याच बिदरमधून जहीराबादला गेलं तर? तेलंगणानं २० जूनपासून टाळेबंदी पूर्ण उठवली होती आणि अहवालाच्या नियमात त्या राज्याचं नावच नव्हतं.

आणखी एक गंमत बघा. शाळा उघडताना सरकारनं नियम लावला की पॉझिटिव्हिटी दर दोन टक्क्यांच्या खाली असलेल्या जिल्ह्यांतच वर्ग सुरू होतील. बिदर आणि कलबुर्गी त्यात बसले. म्हणजे ६ तारखेला आपण धोक्याचे जिल्हे आणि २३ तारखेला सुरक्षित जिल्हे. आकडे बघून ठरवायचं असेल तर दोन्ही वेळी आकडेच बघा ना. एका वेळी आकडा आणि दुसऱ्या वेळी सीमा, असं का?

१९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते. राज्य पुनर्रचनेत रेघ ओढली गेली, पण बाजार, दवाखाना, सोयरीक, कोचिंग क्लास हे सगळं रेघेच्या दोन्ही बाजूंना तसंच राहिलं. रोगही त्याच वाटांनी फिरतो. त्यामुळं इथं खरा उपाय एकच आहे. बिदर-लातूर-नांदेड-उस्मानाबाद आणि कलबुर्गी-सोलापूर या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी एकत्र बसून आकडे वाटून घ्यावेत, एकमेकांचे चाचणी अहवाल आणि लसीची नोंद मानावी, दवाखान्यात खाटा कुठं आहेत ते एकमेकांना सांगावं. नाका बंद केल्यानं रोग थांबत नाही. माणूस शेतातल्या पाऊलवाटेनं येतो आणि मग त्याची नोंदही राहत नाही.

आता शाळेकडं येते, कारण सगळ्यात मोठा तोटा तिथं झालाय आणि आपल्या मराठी माध्यमाच्या लेकरांचा तर दुप्पट झालाय.

शाळा बंद असताना कर्नाटकात चंदना वाहिनीवर पाठ दाखवले जात होते, ते प्रामुख्यानं कन्नडमध्ये. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मराठीत चालू होती, पण ती बालभारतीच्या अभ्यासक्रमावर. आपल्या लेकराचं पुस्तक कर्नाटक सरकारचं आणि भाषा मराठी. ते कुठला टीव्ही लावणार? इकडच्या पाठाची भाषा कळेना आणि तिकडचा धडा पुस्तकात सापडेना. कन्नड माध्यमाच्या मुलाला निदान टीव्हीचा तरी आधार होता. आपल्याकडं जे काही होतं ते गावातले एक-दोन गुरुजी होते, आणि तेही शाळेतच भेटायचे. शाळा बंद म्हणजे या लेकरांसाठी मराठीतून शिकणंच बंद. अशी दोन-तीन वर्षं गेली की पटसंख्या कमी झाली म्हणून मराठी शाळा दुसरीकडं विलीन करायचा कागद येईल, तेव्हा कोरोनाचं नाव कुणी घेणार नाही.

डॉ. देवी शेट्टी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्याच्या समितीनं जूनमध्येच टप्प्याटप्प्यानं शाळा उघडायची शिफारस केली होती. आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात देशातल्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली. त्यात सहा वर्षांपुढची मुलंही तपासली होती आणि निम्म्याहून जास्त मुलांना नकळत संसर्ग होऊन गेलेला होता. ते निकाल सांगताना आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी तर प्राथमिक शाळा आधी उघडणं योग्य ठरेल असं सुचवलं. पण त्याच सर्वेक्षणानं हेही सांगितलं की सुमारे ४० कोटी लोकांना तेव्हा अजून धोका होता. त्यामुळं "उघडा" म्हणणं म्हणजे "सोडून द्या" म्हणणं नव्हे. मुलांना तेव्हा लस नव्हती, तर त्यांच्याभोवतीच्या मोठ्यांना ती पूर्ण झालेली हवी होती. २६ जुलैपासून आमची कॉलेजं सुरू झाली ती निदान एक डोस घेतलेल्यांसाठीच. तोच नियम शाळेतल्या शिक्षकांना, शिपायाला, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना आणि रिक्षावाल्या काकांना लावायला काय हरकत होती?

घाई कशी महागात पडते याचं जुनं उदाहरण जगात आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरानं मास्कची सक्ती केली होती. रुग्ण कमी झाले, २१ नोव्हेंबरला सक्ती उठवली, लोकांनी रस्त्यावर मास्क काढून फेकले. डिसेंबरात रुग्ण पुन्हा वाढले आणि जानेवारी १९१९ मध्ये मास्क परत लावावा लागला. तिथं चूक शहर उघडण्यात नव्हती, संपलं असं समजण्यात होती.

आपल्यापुढं तोच प्रसंग उभा होता. शुक्रवारी, ३ सप्टेंबर २०२१ ला, कलबुर्गी महापालिकेच्या ५५ प्रभागांसाठी मतदान होतं. त्याच दिवशी बेळगाव आणि हुबळी-धारवाडलाही होतं. ज्या जिल्ह्याला ६ ऑगस्टला शनिवार-रविवार घरात बसायला सांगितलं, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात महिन्याच्या आत निवडणूक. सप्टेंबरात रुग्ण वाढले असते तर दोष कुणाला दिला असता हे उघड आहे. २३ तारखेला उघडलेल्या शाळांना दिला असता आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला दिला असता. सभेला दिला नसता.

काही जण म्हणतील, सीमा चळवळीच्या पेजवर असंच लिहिणार, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मराठीच दिसतं. माझं उत्तर साधं आहे. मी मराठी माणसाला सूट मागत नाही. सोलापूरचे आकडे वाढले तर त्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करा, मी त्या बाजूनं आले तर माझीही करा. बिदरचे आकडे वाढले तर बिदरची शाळा बंद करा. फक्त मोजमाप एकच ठेवा, आणि ते आधी सांगा.

म्हणून आपण काय मागायचं आणि काय करायचं ते लिहून थांबते.

एक. उघडणं किंवा बंद करणं तालुक्याच्या आकड्यांवर ठरवा. दर आठवड्याला चाचण्या किती, रुग्ण किती, खाटा किती, लसीकरण किती, हे तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा. कुठल्या आकड्याला शाळा बंद होईल आणि कुठल्या आकड्याला सभा बंद होईल, दोन्ही आधी जाहीर करा. आणि सभा आधी बंद झाली पाहिजे.

दोन. हे सगळं मराठीतही द्या. जिथं एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेत द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं आणि राज्यांनी १९५६ पासून मान्य केलेलं तत्त्व आहे. औराद, भालकी, बसवकल्याणमध्ये मराठी किती बोलली जाते हे आपल्याला कुणी सांगायला नको. साथीत नोटीस कळली नाही तर ती जिवावर बेतते, हा भाषेच्या अभिमानाचा मुद्दाच नाही.

तीन. मराठी शाळांतल्या रिकाम्या जागा भरा आणि बुडालेल्या अभ्यासासाठी मराठीतून पूरक वर्ग घ्या. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी घटनेचं कलम ३५० अ राज्यावर टाकतं.

चार, आणि हे आपल्या हातातलं. या आठवड्यात आपापल्या गावच्या शाळेत जा. हात धुवायला पाणी आहे का, संडास चालू आहे का, खिडक्या उघडतात का, गुरुजींचे दोन्ही डोस झालेत का, हे बघा. शाळा विकास समितीच्या लोकांना भेटा. जे कमी आहे त्याचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या, आणि मराठीत द्या. राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क कलम ३५० प्रत्येकाला देतं. "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणाले तर ते कलम दाखवा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जाचा फोटो या पेजवर पाठवा, गावनिहाय यादी करू.

आणि कलबुर्गीत जे मतदार आहेत त्यांनी दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारा: तुमच्या प्रभागातली शाळा बघून आलात का? मास्क लावून विचारा, अंतर ठेवून विचारा, पण विचारा.